फणसाचे काही हक्क राखीव

मला आयुष्यात कधी कुणी कशाची परवानगी मागितली नव्हती. ही तक्रार नाही, माहिती आहे. मी खेडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. माझा तास गणिताच्या सरांना हवा असला की ते घेऊन टाकतात आणि नंतर व्हरांड्यात भेटले की सांगतात, "बाई, तुमचा तास घेतला हं." आमची शिडी शेजारपाजारी जाते आणि परत येते तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच्या घराचा रंग असतो. एकदा गॅदरिंगसाठी मी मागचा पडदा रंगवला. समुद्र, नारळ, होडी, सगळं. पुढच्या वर्षी पालकसभेत लोक त्या समुद्रावर मांडी घालून बसले होते. त्यामुळे २००७ सालच्या मे महिन्यात बेल्जियममधल्या एका बाईंनी मला इंग्रजीत लिहिलं की आपली हरकत नसेल तर आपण काढलेला फोटो मी वापरू का, तेव्हा मी यासीनभाईंना ते पुन्हा वाचायला लावलं.

यासीनभाई म्हणजे एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेचे मालक. कतारला एका हपिसात बरीच वर्षं काढून ते परत आले आणि आल्याबरोबर चार कॉम्प्युटर मांडून बसले.

"बाई, मघाशी वाचलं तेच आहे," ते म्हणाले. "परत वाचून त्यात वाढ होत नाही."

"'आपली हरकत नसेल तर' तेवढंच वाचा."

वाचलं त्यांनी. भला माणूस.

फोटो फणसाचा होता. फणसाच्या झाडाला कुठे फळ धरावं याचा काही धरबंध नसतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फांदीला धरेल, बुंध्याला धरेल आणि मनात आलं तर मुळालाही धरेल. केळशीच्या वरच्या अंगाला डोंगरात माझं माहेर आहे. तिथे मागच्या परड्यात एक जुना फणस आहे. त्याचं मूळ गडग्याखालून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधाखालून, पलीकडे गेलं आणि पलीकडे जमिनीतून त्याला एक फणस आला. चांगला पोटभर वाढून, गडग्याला पाठ टेकून, जेवण झालेल्या सासऱ्यासारखा बसला होता. मी सुट्टीत गेले होते. खेडच्या आमच्या शेजारच्या हमिदाभाभींचा कॅमेरा बरोबर होता. त्यांचे यजमान रशीदभाई कुवेतहून तो घेऊन आले, पण भाभींना त्याच्या बटणांची भीती वाटते, म्हणून त्यांची नात आयात हिचे फोटो काढून द्यायच्या बोलीवर तो बहुतेक माझ्याकडेच असतो. मी गडग्यावर चढले, फणसाचा फोटो काढला, आणि खेडला आल्यावर यासीनभाईंनी तो फोटो ठेवायच्या एका वेबसाइटवर चढवून दिला. खाली लिहिलं, आमच्या माहेरचा फणस.

बेल्जियमच्या बाईंचं नाव मारियान. त्याही शाळेत शिकवत. मुलांसाठी जगभरच्या फळांचं पुस्तक करत होत्या, फुकट वाटायला. त्यांची आणखी एक विनंती होती. माझ्या फोटोखाली 'सर्व हक्क राखीव' असं होतं. ते मी बदललं तर इतर शिक्षकांनाही तो वापरता येईल, असं त्यांचं म्हणणं.

मला हे नवीन होतं. माझ्या अपरोक्ष, मी न मागता, कुठल्याशा वेबसाइटने माझे सर्व हक्क राखून ठेवले होते. इतकं लग्नातही कुणी केलं नव्हतं.

"आता बघा," यासीनभाईंनी खुर्ची जवळ ओढली. "सर्व हक्क काढून तिथे 'काही हक्क राखीव' करायचं. मग कोणीही तुम्हाला न विचारता फोटो वापरू शकतो. पण अटी तुमच्या. तुमचं नाव द्यायलाच हवं का, धंद्यासाठी वापरू द्यायचा का, फोटोत बदल करू द्यायचा का. एकेक टिक मारायची, झालं."

"आणि मागाहून मन बदललं तर?"

"पुढच्याला बंद. पण ज्याने घेतला त्याने घेतला."

मी जरा विचार केला आणि म्हणाले, "घरी विचारून सांगते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारलं आणि मी हे उत्तर दिलं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

आमचे हे, गुरुप्रसाद शिगवण, जमीन मोजणीच्या खात्यात आहेत. जगात जे जे आहे त्याला पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस आणि उत्तरेस काहीतरी असलंच पाहिजे, असं ते मानतात. जेवताना मी विषय काढला. त्यांनी आमटीचा हात तसाच ठेवला.

"काही हक्क राखीव? मग उरलेले कुणाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळे म्हणजे कोण? सातबाऱ्यावर 'सगळे' असं नाव लावता येत नाही." थोडा भात कालवून ते म्हणाले, "याला आपल्याकडे शब्द आहे. हक्कसोड."

ज्यांना आमच्याकडची माहेरं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बाप गेला की जमिनीवर मुलींचंही नाव लागतं, आणि मग मुलींनी तालुक्याला जाऊन आम्हाला यातलं काही नको अशी सही करायची असते. त्या बदल्यात भावाचं घर आपल्याला उघडं राहतं. आंबे येतात, भाऊबीज येते. मीही सही केली. बाबूदादाने बोट ठेवलं तिथे केली, आणि नंतर त्याने मला थंडगार कोकम सरबत पाजलं. सगळे म्हणाले, राही गुणाची. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरंच नाही. फक्त त्या दिवशी 'आपली हरकत नसेल तर' एवढं कुणी म्हटलं असतं तर सरबत जास्त गोड लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमिदाभाभी आल्या. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे आणि ती पातळ आहे. शिवाय यासीनभाई त्यांचे भाचे, त्यामुळे मारियानबाईंचं पत्र त्यांना माझ्याइतकंच पाठ होतं.

"नाव टाकायचं. धंद्याला द्यायचा नाय. बदल तर मुळीच नाय," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या. "रशीदच्या कंपनीत एक होता. त्याने आपला फोटो वाघाशेजारी चिकटवून घरी पाठवला. त्याची आय अजून रडते. तिला वाटतं हा वाघाच्या नोकरीवर हाय."

"फणसात काय बदल करणार, भाभी?"

"तुला काय ठाव. मिशा काढतील. आणि धंद्याला दिलास तर कुणी तेलाच्या डब्यावर छापील. आपण डबा आणायचा, आणि आत फणस नसायचा."

दुपारपर्यंत आळीत सगळ्यांना कळलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं की परदेशी बाई लग्नाची आहे का. हा मुद्दा कुठून आला ते मला अजून कळलेलं नाही, पण त्यांच्या मते तो महत्त्वाचा होता.

इकडे ह्यांनी कायद्याच्या बाजूने विचार चालवला. फणस ज्या जमिनीतून वर आला ती वादातली होती. माझा भाऊ बाबूदादा आणि शेजारचे सखारामतात्या यांचा त्या गडग्यावरून दापोलीच्या कोर्टात दावा चालू आहे. दादा म्हणतो, गडगा नवा आहे, तात्यांनी आमच्यात सरकवून घातला. तात्या म्हणतात, गडगा आजोबांच्या वेळचा. दोघे तारखेला एकाच एसटीने जातात, कारण एसटी एकच आहे, आणि परत येताना एकाच टपरीवर चहा पितात, कारण चहा तिथेच बरा मिळतो. फक्त वकील वेगळे.

"बाबूदादांचं मत घेतल्याशिवाय काही लेखी द्यायचं नाही," हे म्हणाले. त्यांनी यासीनभाईंकडून फोटोची प्रत छापून आणली आणि फोटोखाली इंग्रजीत होतं त्याचं भाषांतर आपल्या मोजणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: सर्व हक्क राखीव, राही गुरुप्रसाद शिगवण. मग तो कागद केळशीच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिला. कंडक्टर आमच्याच वाडीचा. त्याने तो फोटो माझ्या कौतुकाने, वाटेत गाडीतल्या प्रत्येकाला दाखवला. पुढच्या बाकावर सखारामतात्या बसले होते.

पहिल्यांदा आला बाबूदादा. बरोबर मालनवहिनी. वहिनी सरळ स्वयंपाकघरात गेली. दादाने पाण्याचा तांब्या हातात घेतला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"राही, तू हक्कसोडीवर सही केलेली."

"केलेली."

"मग ह्ये काय?" त्याने खिशातून घडी काढली. सर्व हक्क राखीव, आणि खाली माझं नाव, सासरच्या आडनावासकट.

"दादा, ते फोटोचे हक्क. फणसाचे नव्हेत."

"फोटोत काय हाय?"

"फणस."

"मग?"

मी इतकी वर्षं वर्गात उभी राहते, पण असा 'मग' कुणी विचारला नव्हता. ह्यांना वाटलं आपण मदत करावी. ते म्हणाले, फोटो ही जंगम मालमत्ता, झाड ही स्थावर मालमत्ता, आणि फळ झाडाला आहे तोवर स्थावर पण पिकून पडलं की जंगम. दादा ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा आणखी पडला. बहिणीने आपल्याला न कळवता पिकण्याची वाट बघत काहीतरी मोठं केलं आहे, असं त्याला वाटू लागलं असावं.

अखेर हमिदाभाभींनी खिडकीतून समजावलं. त्यांचं त्याला पटलं. फोटो कुणी वापरावा एवढाच प्रश्न आहे हे कळल्यावर त्याने हसून तांब्या उचलला, पाणी प्याला आणि पहिल्यांदाच फोटो नीट पाहिला. तांब्या खाली ठेवला.

"हा कुणाला दावायचा नाय."

फोटोत फणसाबरोबर गडगाही आला होता. आणि फणसाचं मूळ, मांडीएवढं जाड, त्या गडग्याच्या दगडांना कवटाळून बसलं होतं. दगड आधी, मूळ मागाहून, हे कुणाही लहान पोराला दिसावं. नव्या गडग्याला असं मूळ बिलगत नाही.

आम्ही सगळे त्या मुळाकडे बघत असतानाच दारात सखारामतात्या उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, हातात सोललेला नारळ. ते देवळात जाताना असतात तसे दिसत होते.

"राही, बाय, मी रीतीनं विचारायला आलोय," नारळ माझ्या हातात देत ते म्हणाले. "तुझी हरकत नसंल तर तुझा फोटू मला वापरायला होवा."

जन्मात कुणी विचारलं नव्हतं, आणि आता एका आठवड्यात दोघांनी. माझ्या डोळ्यांत पाणी येईल की काय असं मला वाटलं.

"कशाला?" दादाने विचारलं.

"कोर्टात लावायला."

दादा उठला. पण उठता उठता सवयीने सरकला, आणि तात्या सवयीने त्याच्या शेजारी बसले. मग दादाही बसला. मधे कॅमेऱ्याची पिशवी होती तेवढंच अंतर.

"तात्या, त्याचा विचार अजून चाललाय," मी म्हटलं.

"त्या लांबच्या बाईला देणार म्हनतात. तिला तू वळखतेस?"

"नाही."

"मी तुला खांद्यावर बसवून केळशीच्या जत्रंला नेलेली. खाजं खाऊन माझ्या टोपीला हात पुसलेलेस. तिला देणार नि मला नाय?"

हे बरोबरच होतं. यासीनभाईंनी सांगितलं होतं, सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. फळाच्या पुस्तकाला हो आणि कोर्टाला नाही, अशी टिक तिथे नव्हती. मारियानबाईंसाठी दार उघडलं की त्याच दारातून तात्या आत येणार होते, वकिलासकट.

दादाने आवाज चढवला नाही. तो नेहमी आवाज चढवणारा माणूस आहे, म्हणून ते जास्त लागलं. "दे तू त्याला," तो म्हणाला. "पन मग माहेर संपलं असं समज."

आत भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला. आमच्या ह्यांनी चष्मा काढून पुसला. खिडकीतून भाभी म्हणाल्या, "मग नाव टाकायचं की नाय, त्ये ठरलं काय?"



वाट ह्यांनीच काढली. मोजणी खात्यातल्या माणसाकडे प्रत्येक भांडणावर एकच औषध असतं, स्थळपाहणी. रविवारी सगळ्यांनी जागेवर जायचं, दादाच्या बाजूने दुसरा फोटो काढायचा, मग दोन्ही फोटो समोर ठेवून काय ते ठरवायचं. दोघेही लगेच कबूल झाले. पुढची तारीख घ्यायला ते दोघे कधीच नाही म्हणत नाहीत.

रविवारी आम्ही गेलो. भाभीही आल्या, कॅमेरा त्यांचा म्हणून. परड्यात पाऊल टाकलं आणि मी थांबले. दादाने गडग्याची आपली बाजू तारेच्या ब्रशने घासून काढली होती. शेवाळाचा ठिपका नाही. जांभा दगड काल खाणीतून आल्यासारखा लालबुंद झाला होता.

"नवा हाय का नाय, बघ की," तो म्हणाला.

भाभी गडग्यावरून पलीकडे वाकल्या आणि नाक धरून मागे आल्या. तात्यांनी आपल्या बाजूने ताक शिंपडलं होतं. ताकाने शेवाळ लवकर येतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं. शेवाळ आलं नव्हतं, पण माश्या आल्या होत्या.

"एका अंगाने नवा नि दुसऱ्या अंगाने जुना," भाभी म्हणाल्या. "असा गडगा मी कुवेतलाही नाय बघितला." त्या कुवेतला कधी गेलेल्या नाहीत.

मी कॅमेरा घेऊन गडग्यावर चढले, पहिल्या फोटोच्या जागी. खाली पाहिलं. मूळ होतं, दगड होते. फणस नव्हता. जागेवर फक्त एक चिकाळलेला देठ.

"फणस कुठाय?" मी विचारलं.

दोघेही दोन बाजूंनी धावले आणि देठाकडे बघत राहिले. मग तात्या म्हणाले, "पुरावा नायसा केलास." नेमकं हेच दादाला म्हणायचं होतं. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणून त्याने तेच मोठ्याने म्हटलं. तात्यांनी टोपी काढून गडग्यावर ठेवली. दादाने बाह्या सारल्या. आमचे हे मोजणीची टेप धरून दोघांच्या मधे गडग्यावर उभे राहिले, आणि मला खरोखर भीती वाटली, कारण या माणसाला पोहता येत नाही तसंच भांडताही येत नाही.

एवढ्यात तात्यांच्या पडवीतून त्यांची बायको हौसाकाकी आली, पदराला हात पुसत. "काय झालं? कंचा फणस, ह्यो? त्यो खाल्ला."

"कुनी?" दोघांनी एकदम विचारलं.

"तुमीच."

काकीने सांगितलं ते असं. फणस पिकला, सगळीकडे वास सुटला, कोल्हे यायला लागले. म्हणून एका सकाळी पुरुष माणसं तारखेला दापोलीला गेली होती तेव्हा मालनवहिनी इकडून आली, काकीने कोयत्याला तेल लावलं, आणि दोघींनी फणस फोडून अर्धा अर्धा वाटून घेतला. बरका निघाला, एकदम रसाळ. दोघींनी त्या रसाची सांदणं वाफवली.

"तारखेवरनं आलात नि नारळाच्या दुधात बुडवून मागून मागून खाल्लीत," काकी तात्यांना म्हणाली. "म्हनलात, औंदा बाजारात फणस बरा आलाय."

दादा हळूच वहिनीकडे वळला. "आपल्याकडं बी?"

"आपल्याकडे बी," वहिनी म्हणाली. "चार माझ्या ताटातली घेतलीत."

"पन गेलीस कुठून तू पलीकडं?"

वहिनी खाली वाकली. मुळाशेजारचे गडग्याचे दोन दगड तिने हाताने उचलून बाजूला ठेवले. ते नुसते टेकवलेले होते. मधून एक माणूस वाकून जाईल एवढी वाट होती. विरजण, विस्तव, आजारपणातली पेज, लेकरं, सगळं तिथून जातयेत होतं. कधीपासून ते दोघींना आठवत नव्हतं. खटल्याच्या आधीपासून, काकी म्हणाली.

"विचारायचं तरी एकदा," दादा म्हणाला.

"कुनाला?" वहिनीने विचारलं. "पिकलेला फणस तारखेची वाट बघत नाय."

वादातला माल दोन्ही पक्षांनी खाल्ला होता आणि दोघांनाही तो आवडला होता. ह्यांनी टेप गुंडाळली. तात्यांनी टोपी घातली. मी अजून गडग्यावरच उभी होते. उंचावरून माणसाला बोलायचं धैर्य येतं, हे मास्तरांना का व्यासपीठ देतात त्यावरून कळावं.

"दादा, मी फोटो सगळ्यांना देणार," मी म्हटलं. "त्या बाईंना आणि तात्यांनाही. मला पहिल्यांदा कुणी काही विचारलं, आणि मी तो प्रश्न गावभर वाटत बसले. आता उत्तर तरी माझं असू दे."

तात्यांना आनंद व्हायला हवा होता. पण ते दादाकडे बघत होते. दादा दगडांकडे बघत होता. संध्याकाळी तो आम्हाला गाडीवर सोडायला आला, डोक्यावर आंब्यांची पेटी घेऊन. पेटी टपावर चढवली, दोरीने बांधली, आणि खिडकीशी येऊन उभा राहिला.

"त्यात नाव राहतंय ना तुझं?"

"ती अटच आहे, दादा. नावाशिवाय कुणी वापरायचा नाही."

"मग बरं," तो म्हणाला. कंडक्टरने घंटी मारली. "नाव सोडू नको."

मी हो म्हटलं. यापेक्षा जास्त बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. गाडी वळेपर्यंत मी आंब्यांच्या वासाकडे लक्ष दिलं.

सोमवारी यासीनभाईंकडे जाऊन मी स्वतः माऊस धरला. काही हक्क राखीव. नाव देणं सक्तीचं. धंद्याला नाही. बदल करू द्यायचा का, इथे भाभींचा वाघ माझ्या डोळ्यांसमोर आला, पण मीही शाळेतच शिकवते. तक्त्यावर चित्र चिकटवायचं तर कडा कापाव्याच लागतात. मी हो म्हटलं आणि जोरात बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"बाई," यासीनभाई म्हणाले, "डावं बटण."

तात्यांनी फोटो वकिलाला नेऊन दिला. वकील म्हणाले, खाली हे हक्कांचं काय लिहिलंय त्याचा आधी अभ्यास करावा लागेल. तारीख पडली. दोघे तारखेला एकत्र गेले.

पुस्तक आलं ते शिमग्याच्या आधी. परदेशी तिकिटं, जाड पुठ्ठा. पोस्टमास्तर वरून खाली उतरून आले आणि पाकीट त्यांनीच फोडलं, अर्थातच मला न विचारता. फणसाच्या पानाखाली बारीक अक्षरात होतं, राही शिगवण, खेड. मी ते गणिताच्या सरांना दाखवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझा तास घेताना आधी सांगितलं.

शिमग्याला माहेरी गेले तेव्हा पुस्तक बरोबर नेलं. पडवीत दादा आणि तात्या दोघे वाट बघत बसले होते. दोघांत चष्मा एकच, तात्यांचा. तो आलटून पालटून लावत त्यांनी पान पाहिलं. पहिल्यांदा तात्यांनी, मग दादाने, मग परत तात्यांनी.

"गडगा कुठाय?" तात्यांनी विचारलं.

मारियानबाईंनी फणसाच्या काट्याकाट्याने कात्री फिरवली होती. पानावर नुसता फणस होता. मूळ नाही, बुंधा नाही, माती नाही, दगड नाही. सगळीकडे पांढरं, आणि मधे तो, कुणाच्याच जमिनीत नसलेला.

"कापला," मी म्हटलं.

"कापला? कुनी?"

"त्या बाईंनी. मी बदल करायला परवानगी दिली होती."

तात्यांनी चष्मा काढला. "आजोबांच्या वेळचा गडगा, नि ती बाय कापते?"

"आजोबांच्या वेळचा असो नायतर नवा असो," दादा म्हणाला. तो बराच चिडला होता. "गडगा आमचा हाय. आमचं आमी बघू. बाहेरच्या बाईनं हात लावायचा नाय."

तात्यांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत हे दोघे गडग्याबद्दल एका बाजूला बसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. वहिनी आणि काकी पुरणपोळ्यांची ताटं घेऊन त्या वाटेने आल्या आणि गेल्या, तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

"नोटीस धाडू," दादा म्हणाला.

"धाडूच," तात्या म्हणाले. "दोघांच्या नावानं."

आमच्या ह्यांना बोलावण्यात आलं. त्यांनी मला एकदा डोळ्यांनी विचारलं, मी हसू दाबून मान हलवली, आणि ते कागद घेऊन बसले. वरती बेल्जियमचा पत्ता लिहिला, खाली रेघ मारली, आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "वादी क्रमांक एक कोण?"

"मी," दोघे म्हणाले.

त्यावर नोटीस अडली आहे. दोघांनी आपापल्या वकिलाला विचारायचं ठरवलं आहे.